गिरदावरसाहेबांचा मुआयना

गिरदावरसाहेब कोणत्याही वस्तूबद्दल मत देण्याआधी तिच्यावर बसून पाहत. कळंबच्या शाळेत नवे बाक आले, तेव्हा ते वर्ग चालू असताना आत गेले, शेवटच्या बाकावर बसले आणि भूगोलाचा तास संपेपर्यंत उठले नाहीत. न्हाव्याच्या दुकानात फिरती खुर्ची आली, तेव्हा तिच्यात डोळे मिटून बसले आणि दाढी न करता निघून गेले. "पाठ धरते, मान सोडते," एवढाच निकाल त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीला मानेमागे उशी बांधलेली होती आणि गावात कोणाला त्यात विशेष वाटले नाही.

मी त्यांच्याकडे भाड्याने खोली मागायला गेलो, तेव्हा त्यांनी मला ओसरीच्या कडेला बसवले आणि स्वतः समोर उभे राहिले. बराच वेळ ते मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिले.

"पाय हलवता तुम्ही," ते म्हणाले.

"सवय आहे."

"पाय हलवणारा भाडेकरू टिकत नाही. काम काय करता?"

"एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे."

"म्हणजे अखबारवाले. मग हलवा."

पुढची बरीच वर्षे मी त्यांच्या रस्त्याकडच्या खोलीत राहिलो. या काळात त्यांनी मला अखबारवाले याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

गिरदावर हे निजामाच्या महसूल खात्यातले पद. पटवाऱ्यांच्या वर, तहसीलदाराच्या खाली. घोडीवर बसून गावोगाव जायचे, पिके आणि बांध पाहायचे, पटवाऱ्याने खरे लिहिले की खोटे ते तपासायचे, हे त्याचे काम. या पाहणीला मुआयना म्हणत. पोलीस ॲक्शननंतर संस्थान विलीन झाले, कचेरीतली उर्दू हळूहळू गेली आणि साहेबांनी मुदतीआधी पेन्शन घेतली. नोकरी सुटली, मुआयना सुटला नाही. बाजारातली वांगी, देवळाचा नवा कठडा, एसटीच्या थांब्यावरचे पत्रे, सगळे त्यांच्या नजरेखालून जाई. शेजाऱ्यांच्या होऊ घातलेल्या जावयाला त्यांनी एकदा "जरा चाल दाखवा" म्हणून अंगणात फिरवले होते. मुलगा निमूटपणे फिरला. लग्नही झाले.

ते उंच होते, सडपातळ होते आणि उन्हाळ्यातही धोतरावर शेरवानी घालत. त्यांच्या निकालाचे तीन प्रकार होते: मंजूर, नामंजूर आणि तूर्त मंजूर. काकूंनी केलेल्या कोणत्याही पदार्थाला तूर्त मंजूर मिळे. याचा अर्थ पदार्थ फार चांगला झाला आहे, असा काकू घेत.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. बुटक्या, गोल, हसऱ्या. हातात सदैव अडकित्ता, मांडीवर सुपारीचा डबा. लग्नाला चाळीसेक वर्षे झाली असावीत, पण तिसरा माणूस समोर असला की नवरा-बायको एकमेकांशी थेट बोलत नसत. मी राहायला गेल्यावर हा तिसरा माणूस मी झालो.

"भाऊ, यांना विचारा, चहा टाकू का?" काकू म्हणत. साहेब तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत.

"त्यांना सांगा, अर्धा कप."

"भाऊ, यांना सांगा, अर्ध्या कपासाठी चूल पेटत नाही."

"मग त्यांना सांगा, पूर्ण."

मी काही सांगत नसे. मान हलवली तरी पुरे.

काकूंचे माहेर अणदूरच्या पुढे, बोरी नदीच्या पलीकडे होते. निजामाच्या काळात एकदा माहेराहून परतताना नाल्यात बैलगाडी उलटली आणि काकूंची कंबर दुखावली, ती कायमची. बैलगाडीत बसणे तेव्हापासून बंद. पुढे एसटी सुरू झाली. काकू एकदा एसटीने तुळजापूरपर्यंत गेल्या आणि परतल्यावर आठ-दहा दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. शिवाय एसटी अणदूरला सोडी. पुढे दगड, शेतांचे बांध आणि नदीची वाळू. त्यामुळे माहेर तुटले. धाकटा भाऊ अण्णा दर दिवाळीला भाऊबीजेला यायचा, पण त्याचे गुडघे गेले आणि तोही यायचा थांबला. बहीण-भावाची भेट होऊन किती वर्षे झाली, हे काकू सांगत नसत. विचारले तर सुपारी जरा बारीक कातरत.

अशात भावाच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले. मुहूर्त वैशाखातला. पत्रिका घेऊन आलेल्या माणसाने निरोप दिला, "अण्णांनी सांगितलंय, आत्याच्या हातची अक्षता पडल्याबिगर पोरगी पाटावरनं उठायची न्हाय."

काकूंनी पत्रिकेला हळदकुंकू लावले आणि देवापाशी ठेवली. "भाऊ, यांना सांगा, पत्रिका आलीय."

साहेब छताकडे पाहत होते. "त्यांना सांगा, पाहिली," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेरवानीची बटणे लावत माझ्या खोलीशी आले. "चला अखबारवाले. एक जीप बघायची आहे. शेतीच्या कामाला बरी पडेल."

त्यांची जमीन बटाईने दिलेली होती. वर्षातून एकदा खळ्यावर जाण्यापलीकडे त्यांना शेतीचे काम नव्हते. आतून अडकित्त्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

जीप गावातल्या एका गुत्तेदाराची होती. सडकेच्या कामांची गुत्ती, म्हणजे कंत्राटे, तो घेई. लष्कराने मोडीत काढलेली ती गाडी त्याने सोलापुरातून आणली होती. वर निळा रंग मारला होता, पण कोपऱ्याकोपऱ्यांतून मूळचा हिरवा डोकावत होता. तिने खडी वाहिली होती, मजूर वाहिले होते, एकदा रेडकूही वाहिले होते. गुत्तेदाराला आता मोठा ट्रक घ्यायचा होता, म्हणून ही काढायची होती.

त्याने इंजिन दाखवायला झाकण उघडले. साहेबांनी ते हाताने खाली केले. जोडे काढले, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर चढले आणि डोळे मिटले. गुत्तेदार वाट पाहत राहिला. गाडीवरचा ड्रायव्हर मौला हाही वाट पाहत राहिला.

"साहेब, चालू करून दावतो की," गुत्तेदार म्हणाला.

"उभ्या गाडीत बसवत नाही, ती चालल्यावर काय सुधारणार आहे?"

"मिलट्रीची गाडी हाय. लई मजबूत."

"मजबुती तिच्या कामाची. आम्हाला बैठक बघायची आहे. हे गोणपाट कशाला?"

"खाली पत्रा हाय, म्हून."

"म्हणजे तुम्हालाही पत्रा टोचतो. नामंजूर."

साहेब उतरले. दोन दिवसांनी गुत्तेदाराचा निरोप आला की गोणपाट काढून कापसाची गादी घातली आहे. पुन्हा मुआयना झाला, या वेळी चालत्या गाडीत. आरामाची त्यांची एक कसोटी होती आणि ती त्यांनी घोड्यांकडून घेतली होती. घोड्याची एक रहवाल चाल असते, तिच्यात जनावर झपाझप जाते आणि स्वार हलत नाही. गाडी रहवाल आहे की नाही, हे बघायला त्यांनी शेरवानीच्या खिशातून अडकित्ता आणि सुपारी काढली. धावत्या गाडीत सुपारी कातरता आली, तर गाडी पास. मौलाने येरमाळ्याच्या रस्त्याने गाडी काढली. पहिल्याच खड्ड्यात साहेबांच्या अंगठ्याला अडकित्ता लागला.

नंतरचे तीनेक आठवडे अंगठ्याला चिंधी दिसली की गावाला कळे, आज जीप नापास झाली. हॉटेलात लोक मला विचारत, "काय, आज कुठलं बोट?" साहेबांना याचे काही वाटत नसे. ते दर खेपेस एखादी दुरुस्ती सुचवत. गादी बोटभर जाड हवी. पाय टेकायला लोखंडी पट्टी हवी. धरायला वरून चामड्याचा पट्टा हवा. धूळ येते, बाजूला ताडपत्रीचा पडदा हवा. पिण्याच्या पाण्याचा तांब्या ठेवायला जागा हवी आणि तीही अशी की तांब्या लवंडता कामा नये.

"साहेब," गुत्तेदार एकदा म्हणाला, "ही जीप हाय. पालखी न्हाय."

"पालखीत आम्ही बसलो आहोत लहानपणी. पालखीत मळमळतं."

गुत्तेदार सगळे करत गेला. सुरुवातीला विकायची म्हणून केले. मग त्यालाच चव लागली. एका सकाळी आम्ही गेलो, तर तो स्वतः त्या गादीवर रेलून चहा पीत होता. पट्टा एका हातात, पाय पट्टीवर.

"साहेब, राग मानू नका," तो म्हणाला. "म्या आता ही इकत न्हाय."

साहेब जोडे काढत होते, ते थांबले. "सबब?"

"सबब काय सांगू. तुमी अशी केली की उतरू वाटंना. मंडळी म्हणती, आता हिच्यात आईला घेऊन तुळजापूरला जाऊ. सासूबाईबी तयार झाल्यात. गाडी इकली तर मला जेवाय कोन घालंल?"

लग्न चार दिवसांवर आले होते आणि कळंबात विकाऊ जीप दुसरी नव्हती. घरी आल्यावर ते ओसरीवर उभेच राहिले, बसले नाहीत. काकूंनी ते पाहिले. मला काही विचारले नाही, साहेबांनाही नाही. संध्याकाळी त्यांनी ओटीचे तबक घेतले, शेजारणीचा हात धरला आणि गुत्तेदाराच्या घरी गेल्या. तिथे बायकाबायकांत काय बोलणे झाले ते वार्ताहराला कळण्याचा मार्ग नव्हता. एवढे खरे की रात्रीच्या जेवणाआधी गुत्तेदार स्वतः आला आणि दारातूनच म्हणाला, "साहेब, गाडी तुमची. मौलाबी न्या संगं. फकस्त एक करा, अणदूरवरनं आल्यावर आमच्या सासूबाईला एकदा तुळजापूर दावा."

"मंजूर," साहेब म्हणाले. तूर्त हा शब्द त्यांनी वापरला नाही.

निघायच्या सकाळी दारात जीप उभी राहिली. मलाही बरोबर घेतले होते. लग्नाची बातमी देण्याजोगी नव्हती, पण दोघांच्या बोलण्यात कोणीतरी लागायचे. काकू ठेवणीतले नऊवारी लुगडे नेसून बाहेर आल्या. मागे आहेराचे गाठोडे, गादी, वळकटी, लाडवांचा डबा असे सामान भरलेले होते. साहेबांनी पुढच्या गादीकडे हात केला.

"त्यांना सांगा, ही बैठक त्यांच्यासाठी केली आहे. आम्ही मागं बसू."

काकूंनी गादीकडे पाहिले, मग मौलाकडे. मौला तोंड फिरवून बॉनेट पुसू लागला.

"भाऊ, यांना विचारा, मी पुढं आणि हे मागं लाडवांच्या डब्याशेजारी? माहेरच्या वेशीत शिरताना? अण्णाला वाटेल, जावयाला बांधून आणलंय."

"त्यांना सांगा, मागं धक्के बसतात. आम्ही तपासलं आहे."

काकूंनी गाडीशी पाट मांडायला लावला. पाटावर पाय देऊन पुढे चढल्या, गादीवर बसल्या आणि पट्टा धरायला हात वर केला. हात पट्ट्यापर्यंत पोचला नाही. पाय लोखंडी पट्टीपर्यंत पोचले नाहीत. ते अधांतरी लोंबत राहिले.

चूक तिथे सगळ्यांना एकदम दिसली. महिनाभर गाडीचा मुआयना झाला होता तो साहेबांच्या मापाने. गादीची उंची, पट्टीचे अंतर, पट्ट्याची लांबी, सगळे सहा फुटी माणसाला नेमके बसत होते. घरची बाई नेऊन गुत्तेदाराच्या आवारात, मजुरांच्या देखत, बसून पाहा म्हणायचे हे त्या काळी शक्य नव्हते. घरी विचारायला हरकत नव्हती. पण तसे विचारण्याची पद्धतही नव्हती आणि गाडी तर शेतीच्या कामाला घेतलेली होती.

साहेब काकूंच्या पावलांकडे पाहत राहिले. शेरवानीचे वरचे बटण त्यांनी काढले आणि पुन्हा लावले.

"नामंजूर," ते हळू म्हणाले. "मौला, गाडी परत ने. या बैठकीत कंबर राहायची नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न होते. दुसरे वाहन नव्हते.

काकू खाली उतरल्या. गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या आणि फळीवर हात ठेवून आत वाकून पाहू लागल्या, साहेब पाहत तसेच.

"मौला, हे सगळं खाली काढ," त्या म्हणाल्या. "आता गादी खाली अंथर. तिथं नाही, मधोमध. वळकटी पुढच्या बाकाला टेकव. आहेराचं गाठोडं डावीकडं, डबा उजवीकडं. पाट आण."

पाटावरून त्या मागून आत चढल्या. गादीवर मांडी घातली, वळकटीला पाठ टेकली, एक कोपर गाठोड्यावर आणि एक डब्यावर ठेवला. बैलगाडीत बायका बसतात तशा त्या बसल्या होत्या. फरक एवढाच की खाली स्प्रिंगा होत्या.

"चल," त्या म्हणाल्या.

मौला गाडी थांब्यापर्यंत नेऊन परत घेऊन आला. आम्ही दोघे रस्त्यात उभे होतो. गाडी वळून येताना आत पाहिले, तर काकूंच्या हातात अडकित्ता होता आणि त्या सुपारी कातरत होत्या.

"भाऊ, यांना सांगा, मंजूर."

"त्यांना विचारा, खाली बसणार का एवढं लांब?"

"मांडी घातल्याशिवाय मला बसल्यासारखं वाटत नाही. एवढी वर्षं झाली, यांनी कधी विचारलं नाही, हेही सांगा."

मी पहिले वाक्य पोचवले. दुसरे साहेबांनी ऐकलेले होते. ते पुढे चढले आणि स्वतःच्या मापाच्या गादीवर बसले. काकूंनी कातरलेल्या सुपारीची चिमूट मागून पुढे केली. साहेबांनी मागे न पाहता ती घेतली.

येडशीचा घाट आम्ही सकाळीच उतरलो. तुळजापुरात काकूंनी गाडीतूनच हात जोडले; दर्शन परतताना घेऊ म्हणाल्या. अणदूरला चहा झाला. तिथून सडक सोडली आणि उन्हात भेगाळलेल्या काळ्या रानातून, बांधाबांधाने गाडी निघाली. मौलाने साहेबांकडे पाहून गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. "जरा हाण की रे," मागून आवाज आला. मौलाने हाणली.

बोरीच्या पात्रात पाणी घोट्याएवढे होते, पण वाळू खोल होती. मौलाने दांडा ओढून पुढची चाकेही इंजिनाला जुंपली. गाडी गुरगुरली, शेपटाकडून डोलली आणि पाणी उडवत पलीकडच्या काठावर चढली. मागे काकू मोठ्याने हसत होत्या. त्यांचे एवढे मोठे हसू मी पूर्वी ऐकले नव्हते. साहेबांनीही बऱ्याच वर्षांत ऐकले नसावे, कारण ते वळून पाहू लागले.

"पुन्हा एकदा," काकू म्हणाल्या.

मौलाने साहेबांकडे पाहिले.

"पात्राचा मुआयना अपुरा झाला आहे," साहेब म्हणाले. "घे परत."

नदी आम्ही तीनदा ओलांडली.

वेशीत काकूंचा भाऊ काठी टेकत उभा होता. त्याने आधी साहेबांना नमस्कार केला आणि मग मागे येऊन आत डोकावला. "अक्का, कंबर?"

"कंबर जागेवर आहे. तू गुडघे घेऊन वर ये आधी. घरापर्यंत कशाला चालतोस?"

मौलाने त्याला उचलूनच आत ठेवले. वेशीपासून घरापर्यंतचे अंतर फारसे नव्हते, पण गाडी सगळ्या गावाला वळसा घालून गेली. बहीणभाऊ गादीवर समोरासमोर मांडी घालून बसले होते आणि एकाच वेळी बोलत होते. कोण काय म्हणाले ते मला सांगता येणार नाही.

लग्न नीट झाले. आत्याच्या अक्षता पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब शेरवानी घालून गाडीपाशी येऊन उभे राहिले. गादी अंथरून ठेवली होती, वळकटी टेकवली होती. काकू बाहेर आल्या त्या रिकाम्या हातांनी.

"भाऊ, यांना सांगा, तुम्ही निघा. मी राहणार आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. "किती दिवस?" त्यांनी थेट काकूंना विचारले. अंगणात भाऊ होता, भावजय होती, पाहुणे होते.

"बघू," काकू म्हणाल्या. "कळवीन."

परतीच्या वाटेवर साहेबांनी कोणत्याही गोष्टीवर निकाल दिला नाही. तुळजापुरात मौलाने गाडी थांबवू का विचारले. "ते दोघांनी घ्यायचं दर्शन आहे," ते म्हणाले, आणि आम्ही पुढे निघालो.

कळंबात त्यांनी गुत्तेदाराच्या सासूबाईंना कबूल केल्याप्रमाणे तुळजापूरला धाडले. मी स्टोव्हवर केलेली खिचडी त्यांनी दोन वेळा खाल्ली. तिसऱ्या वेळी ताट पुढे ओढून ते म्हणाले, "अखबारवाले, पाऊस तोंडावर आहे. बोरीचं पात्र एकदा बघून ठेवलेलं बरं."

"काकूंचं काही कळलं का?"

"काकूंचा काय संबंध? मी पात्राबद्दल बोलतो आहे."

दुसऱ्या दिवशी पात्रात ते उतरले, काठीने वाळू टोचून पाहिली आणि पुन्हा गाडीत बसले. तिथून मागे वळायला हवे होते. मौलाने काही न विचारता गाडी पलीकडच्या काठाला घातली.

काकू भावाच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. साहेब गाडीतून उतरले आणि उभ्याउभ्याच सांगू लागले की नदीची पाहणी करायची होती, ती झाली, आता निघतोच. काकूंनी त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले. मग पदर सावरत वळल्या आणि भावजयीला आत हाक मारली.

"वहिनी, तीन पाट जास्त मांडा. हे राहायला आलेत."

या वृत्ताचा गिरदावरसाहेबांनी इन्कार केला नाही.